घराच्या पायाखालची गळती

वैशाखाच्या उन्हात बदनावरच्या शिवारातून चालणाऱ्यास पायाखाली पाहूनच पाऊल टाकावे लागते. काळ्या रानाला पडलेल्या भेगा इतक्या खोल असतात की हातातील काठी त्यांत सहज उतरते. तेच रान श्रावणात पाहावे, तर भेगेचा मागमूसही नसतो. जमीन फुगून, मिटून, एकसंध झालेली असते. शेतकऱ्यास हा फेरा पाठ असतो. परंतु हीच जमीन आपल्या घराच्या जोत्याखालीही असते, ही गोष्ट मात्र घरात राहणाऱ्यांच्या सहसा ध्यानी येत नाही. शेत वर्षातून एकदा फुगते आणि एकदा आकसते. घराखालची माती भिंती, फरशी व छप्पर यांच्या आडोशाने बरीचशी एका स्थितीत राहते. ती तशी राहते म्हणूनच घर सरळ उभे राहते. मग एखादे दिवशी जोत्याखालून नेलेला नळ कोठे तरी सांध्यात सुटतो, आणि भर वैशाखात त्या एका घराखाली श्रावण सुरू होतो.

ही छुपी गळती ओळखावी कशी, तिचे नेमके स्थान शोधावे कसे आणि ती दुरुस्त करावी कशी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. तो करताना आधी मातीकडे वळले पाहिजे. कारण गळती सगळीकडे सारखीच असली, तरी तिचे परिणाम सगळीकडे सारखे नसतात. नदीकाठच्या वाळूमिश्रित जमिनीत गळणारे पाणी मातीचे कण वाहून नेते, फरशीखाली पोकळी पडते आणि घर खचते. माळव्यात बहुधा उलट घडते. येथे घर प्रथम उचलले जाते.

धार जिल्ह्याचा दक्षिण भाग विंध्य उतरून नर्मदेच्या खोऱ्यात, म्हणजे निमाडात, जातो. बदनावर मात्र उत्तरेकडे, माळव्याच्या पठारावर आहे. हे पठार ज्या काळ्या पाषाणाचे बनले आहे, तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारसाच्या थरांतून तयार झाला. सह्याद्री ज्या खडकाचा, त्याच खडकाचे हे उत्तरेकडील टोक. अठराव्या शतकात पवारांबरोबर देशावरून धार व देवासकडे आलेल्या मराठी कुटुंबांना येथील जमीन परकी वाटली नसावी; ती त्यांच्या ओळखीचीच होती. या खडकाची झीज होऊन जी काळी माती बनते, तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज विपुल असते. फ्रान्समधील मॉन्टमोरियों या गावावरून त्यास हे नाव पडले. या खनिजाचा कण म्हणजे पोथीच्या सुट्या पानांची एक चळतच समजावी. प्रत्येक पान सुमारे एक नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाइतके, पातळ असते. पाणी मिळाले की ते या पानांपानांच्या मध्ये शिरते, पाने एकमेकांपासून दूर सरतात आणि चळत जाड होते. पाणी निघून गेले की पाने पुन्हा जवळ येतात. एका चळतीचे हे फुगणे डोळ्यांस दिसणार नाही. पण घराखाली अशा असंख्य चळती असतात, आणि त्या सगळ्या मिळून जो दाब वर लावतात, तो एकमजली घराच्या वजनालाही कधी कधी भारी पडतो.

हा गुण शाळेच्या प्रयोगशाळेत पाहता येतो. अंगणातील काळी माती वाळवून, कुटून, बारीक चाळणीने चाळावी. तिचे १० ग्रॅमचे दोन भाग करून १०० मिलिलिटरच्या दोन मोजपात्रांत घालावेत. एकात पाणी भरावे, दुसऱ्यात रॉकेल. काडीने ढवळून आतील हवा काढावी आणि २४ तास हात लावू नये. रॉकेल खनिजाच्या पानांमध्ये शिरत नाही, म्हणून त्यातील माती फुगत नाही. समजा, रॉकेलात माती १२ मिलिलिटरच्या खुणेवर बसली आणि पाण्यात २१ च्या. फरक झाला ९. त्यास १२ ने भागून शंभराने गुणले की ७५ टक्के येतात. यालाच मातीचा मुक्त फुगवटा म्हणतात. भारतीय मानकांत हीच रीत सांगितली आहे, आणि हा आकडा ५० च्या पुढे गेला की बांधकाम करणाऱ्याने सावध व्हावे असा संकेत आहे. आपापल्या घरची माती आणून वर्गाने हा प्रयोग केला, तर गावाचा एक लहानसा नकाशाच तयार होईल.

आता नळाकडे येऊ. जोवर विहिरीचे पाणी घागरीने घरात येत होते आणि मोरीचे पाणी उघड्या पन्हाळीने परसात जात होते, तोवर पायाखालच्या गळतीचा प्रश्नच नव्हता. मांडूच्या जहाज महालात गेलेल्या विद्यार्थ्यांनी गच्चीवरील नागमोडी, वळणे घेत जाणारी पाण्याची पन्हाळ पाहिली असेल. पंधराव्या शतकातील ती रचना शोभेसाठी केलेली असली, तरी तिच्यात एक व्यावहारिक शहाणपणही आहे: पाणी कोठून जाते व कोठे मुरते, हे डोळ्यांना दिसते. आपण नळ भिंतीत पुरले, फरशीखाली घातले, वर गिलावा केला, आणि घर नीटनेटके दिसू लागले. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमुळे खेड्यांतूनही घरोघर नळ आले. ही सोय मोठी आहे, आणि तिच्याविषयी कुरकुर करण्याचे कारण नाही. पण नळ दिसेनासा झाला की त्याची गळतीही दिसेनाशी होते.

नळ गळतो का? जुन्या घरांत जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी नळ असतात. काळ्या, ओलसर मातीत पुरलेला असा नळ काही वर्षांनी बाहेरून गंजतो, विशेषतः आटे पाडलेल्या सांध्याशी, कारण आटे पाडताना मुलामा निघून गेलेला असतो. नव्या घरांतील प्लॅस्टिकचे नळ गंजत नाहीत; त्यांचा दोष बहुधा जोडणीत असतो. टोक नीट पुसले नाही, चिकटद्रव्य सगळीकडे लागले नाही, किंवा ते वाळण्याआधीच पाणी सोडले, तर सांधा कच्चा राहतो. तिसरे कारण याहून महत्त्वाचे. नळ जेथे पायाच्या भिंतीतून आरपार जातो, तेथे तो सिमेंटने घट्ट आवळलेला असतो. उन्हाळ्यात बाहेरची माती आकसून खाली जाते, पावसाळ्यात वर येते. भिंत तिच्याबरोबर त्याच मापाने हलत नाही. मग नळ भिंतीच्या तोंडाशीच मोडतो. मोडला की गळतो, गळला की माती फुगते, माती फुगली की भिंत व नळ आणखी हलतात, आणि फट वाढते. हे चक्र एकदा सुरू झाले की आपोआप थांबत नाही.

किती पाणी जाते, याचा हिशेब पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातील सूत्राने करता येईल. गच्चीवरील टाकीतील पाणी नळापेक्षा ५ मीटर उंच आहे असे धरू. टॉरिचेलीच्या नियमानुसार छिद्रातून पाणी सेकंदाला सुमारे ९.९ मीटर वेगाने बाहेर पडेल. छिद्र एक मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे टाचणीच्या जाडीपेक्षा थोडेसेच मोठे असले, आणि धार आकुंचित होते म्हणून उत्तराला ०.६ ने गुणले, तर दिवसाकाठी सुमारे ४०० लिटर पाणी येते. पंधरा लिटरच्या सव्वीस-सत्तावीस घागरी! अर्थात हे मोकळ्या हवेतील छिद्राचे गणित झाले. चिकण मातीने वेढलेल्या छिद्रातून एवढे पाणी सुटत नाही. परंतु जे सुटते, ते लवकर निचरूनही जात नाही. काळी माती पाणी धरून ठेवते. म्हणून येथे थोडीशी गळतीही पुष्कळ दिवस काम करीत राहते.

पाण्याचा अपव्यय आणि भिंतींचे नुकसान यांपेक्षाही एक गंभीर गोष्ट आहे. आपल्याकडे बहुतेक गावांत नळाला चोवीस तास पाणी नसते. पाणी बंद झाले की नळातील दाब जातो, आणि ज्या फटीतून पाणी बाहेर पडत होते, त्याच फटीतून भोवतालचे घाण पाणी आत येऊ शकते. शेजारून सांडपाण्याचा किंवा शौचालयाचा नळ गळत असेल, तर त्याचा अर्थ काय होतो, हे निराळे सांगावयास नको. डिसेंबर २०२५ च्या अखेरीस इंदूरच्या भागीरथपुरा वस्तीत पिण्याच्या पाण्यात मैलापाणी मिसळून शेकडो लोक आजारी पडले व अनेक दगावले. तपासात पाण्याच्या मुख्य नळाला गळती असल्याचे आणि त्या जागेवर शौचालय बांधलेले असल्याचे आढळले. याच प्रकारचा, परंतु घराच्या पायाखालचा, असा जगप्रसिद्ध दाखला १८५४ सालचा आहे. लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील एका सार्वजनिक पंपाच्या परिसरात पटकीने सहाशेहून अधिक माणसे मेली. डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यूंची नोंद नकाशावर मांडून पंपावर बोट ठेवले व ८ सप्टेंबर रोजी पंपाचा दांडा काढविला. तथापि पंपाच्या विहिरीत घाण शिरली कोठून, हे उमगेना. विहीर आतून पाहिली, तेव्हा दोष दिसला नव्हता. पुढे हेन्री व्हाइटहेड या धर्मोपदेशकाने घरोघर चौकशी करून लगतच्या ४० क्रमांकाच्या घराकडे लक्ष वेधले. १८५५ साली तेथे खोदले असता घराखालच्या मैलाकुंडीचे व मोरीचे विटकाम कुजलेले सापडले. कुंडी आणि विहीर यांत तीन फुटांचेही अंतर नव्हते. वरून पाहता ते घर इतर घरांसारखेच होते.

मग गळतीची चाहूल लागावी कशी? फरशीचा एखादा भाग पोचट वाजणे, किंवा घडीव फरशीची एक कड शेजारच्या फरशीपेक्षा नखभर वर येणे. काल सहज लागणारे दार आज चौकटीत अडकणे. जोत्याच्या बाहेर उन्हाळ्यातही एका जागी हिरवे शेवाळ टिकणे. भिंतीच्या बुंध्याशी गिलावा पापुद्र्यांनी सुटून त्यावर पांढरा क्षार फुटणे. पंप नेहमीपेक्षा वारंवार चालू करावा लागणे. ही सर्व लक्षणे आहेत. यांपैकी कोणतेही एक लक्षण म्हणजे गळतीचा पुरावा नव्हे. दार पावसाळ्यात लाकूड फुगूनही अडकते, आणि भिंतीला खालून चढणारी ओल जोत्यावर ओलरोधक थर नसल्यामुळेही असू शकते. अशा वेळी घाईने फरशी फोडणारा मनुष्य बहुधा दोनदा खर्च करतो.

तड्यांचा अभ्यास मात्र पुष्कळ काही सांगतो. काळ्या मातीवरील घराला थोडेफार तडे असतातच. प्रश्न असा की ते केव्हा उघडतात. उन्हाळ्यात रुंदावणारा आणि पावसाळ्यात मिटणारा तडा ऋतुमानाचा आहे, असे समजावे. जो तडा ऋतूला जुमानीत नाही, आणि विशेषतः घराच्या एकाच कोपऱ्यात, न्हाणीघर किंवा मोरीच्या बाजूस, वाढत राहतो, त्याच्यामागे नळ असण्याचा संभव अधिक. तड्याच्या दोन्ही बाजूंस पेन्सिलीने खुणा कराव्यात, त्यांतील अंतर मोजून जवळ तारीख लिहावी, आणि दर पंधरवड्यास मोजावे. याहून जुनी रीत म्हणजे तड्यावर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांस प्लॅस्टरने पक्की चिकटविणे. भिंत किंचितही हलली की काच तडकते. तड्याचा आकारही पाहावा. भिंतीचा मध्यभाग उचलला गेला असेल, तर तडा वरच्या बाजूस रुंद व खाली निमुळता असतो. भिंतीची टोके उचलली गेली असतील, तर तो खाली रुंद असतो. मध्य स्थिर राहून टोके खचली तरीही तडा वरच रुंद होतो, म्हणून केवळ आकारावर निकाल देऊ नये; तारखांची वही आणि आकार दोन्ही मिळून साक्ष देतात.

आता परीक्षा. पहिली परीक्षा प्रत्येकाने घरच्या घरी करावी. तिला एक पेन्सिल आणि एक रात्र पुरते. रात्री सर्वांची कामे आटोपल्यावर घरातील सर्व तोट्या बंद कराव्यात, टाकीत पाणी येण्याचा मार्ग बंद करावा, आणि टाकीत काठी उभी धरून पाण्याच्या पातळीची खूण करावी. सकाळी कोणी तोटी उघडण्यापूर्वी पुन्हा पाहावे. एक मीटर व्यासाच्या गोल टाकीत पातळी एक सेंटिमीटर उतरणे म्हणजे सुमारे पावणेआठ लिटर पाणी जाणे. आठ तासांत दोन सेंटिमीटर उतरली, तर दिवसाचे सत्तेचाळीस लिटर झाले. पातळी उतरली की लगेच जोत्याखाली संशय नेऊ नये. प्रथम शौचालयाच्या फ्लशच्या टाकीत थोडी कपड्यांची नीळ टाकून अर्धा तास थांबावे. कोणी फ्लश न करता भांड्यात निळे पाणी दिसले, तर चोर तेथेच सापडला. ते नसेल, तर दुसऱ्या रात्री गच्चीवरील टाकीचा बाहेर जाणारा व्हॉल्व्ह बंद करून तीच परीक्षा करावी. तरीही पातळी उतरली, तर दोष खुद्द टाकीत आहे. उतरली नाही, तर तो खालच्या नळांत आहे. मग स्वयंपाकघराची, न्हाणीघराची, परसातील अशा शाखा एकेक बंद करून पाहाव्यात. जुन्या घरांत शाखांना स्वतंत्र व्हॉल्व्ह नसतात. प्लंबर कोणत्याही कामासाठी घरी आला असता ते बसवून घ्यावेत. त्याचा खर्च फरशी फोडण्याच्या खर्चापुढे काहीच नाही.

या परीक्षेत एक उणीव आहे. ती फक्त दाबाखालच्या, म्हणजे पाणी आणणाऱ्या, नळांची परीक्षा आहे. सांडपाण्याचा नळ वापराच्या वेळीच वाहतो. टाकीची पातळी त्याच्याविषयी अवाक्षर काढीत नाही. त्यासाठी बाहेरच्या चेंबरमध्ये नळाचे तोंड फडके गुंडाळलेल्या लाकडी दट्ट्याने, अथवा प्लंबरजवळ असलेल्या फुगणाऱ्या रबरी चेंडूने, घट्ट बंद करतात आणि मोरीच्या जाळीपर्यंत पाणी भरतात. अर्धा-पाऊण तास पातळी टिकली, तर नळ निर्दोष. उतरली, तर पाण्यात रंग मिसळून जोत्याच्या बाहेर, शेजारच्या विहिरीत व भिंतीच्या बुंध्याशी नजर ठेवावी. पिण्याच्या नळात मात्र रंग कदापि घालू नये.

रंगाची ही युक्ती लहान वाटली, तरी तिची वंशावळ मोठी आहे. जर्मनीत इमेंडिंगन गावाजवळ डॅन्यूब नदीचे पाणी पात्रातील खडकांत गडप होते. ते जाते कोठे, याविषयी वाद होता. १८७७ सालच्या ऑक्टोबरात तेथे फ्लुओरेसीन नावाचे १० किलोग्रॅम रंगद्रव्य नदीत सोडण्यात आले. सुमारे साठ तासांनी बारा किलोमीटरांवरील आख नदीचा झरा चकाकत्या हिरव्या रंगाचा झाला. एका नदीचे पाणी दुसऱ्या नदीत गळत होते, हे त्या रंगाने ठरविले.

गळती आहे एवढे ठरले, तरी ती कोठे आहे हा प्रश्न उरतोच, आणि येथेच पुष्कळ लोक फसतात. ओल दिसेल तेथे खोदावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु नळ पुरताना खणलेला चर पुन्हा सैल मातीने भरलेला असतो, आणि भोवतालची चिकण माती पाण्याला वाट देत नाही; म्हणून पाणी त्या चराचराने वाहत जाऊन भलतीकडेच वर येते. न्हाणीघरातील गळती बैठकीच्या खोलीत दिसली, तर आश्चर्य मानू नये. यास्तव खोदण्यापूर्वी ऐकावे. दाबाने बारीक फटीतून निघणाऱ्या पाण्याचा सूं-सूं असा नाद होतो, आणि तो नळाच्या धातूतून दूरवर जातो. पाणीखात्यातील जुनी माणसे लोखंडी सळईचे एक टोक व्हॉल्व्हवर टेकवून दुसऱ्यास कान लावीत असत. डॉक्टरांचा स्टेथोस्कोप याच जातीचा. लेनेक या फ्रेंच वैद्याने १८१६ साली कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीला लावली, तेथून त्याचा आरंभ झाला. रात्री दोन-तीनचा सुमार, पंखा व पंप बंद, आणि फरशीवर हातभर अंतराने सळई टेकवीत जाणे, एवढ्याने लोखंडी नळाची गळती पुष्कळदा हातभर जागेत कोंडता येते. प्लॅस्टिकचा नळ नाद गिळून टाकतो. तेथे कानाचा उपयोग कमी.

गावच्या मोठ्या नळांसाठी हेच ऐकण्याचे काम आता यंत्रे करतात. नळाच्या दोन टोकांवर दोन ध्वनिग्राहक ठेवतात, आणि गळतीचा नाद कोणत्या टोकाला किती आधी पोहोचला हे मोजतात. गणिताची आवड असणाऱ्यांनी हे उदाहरण सोडवून पाहावे: नळ १०० मीटर लांब आहे, त्यातील ध्वनीचा वेग सेकंदाला १,२०० मीटर आहे, आणि एका टोकाला नाद ०.०२५ सेकंद आधी आला. तर गळती त्या टोकापासून किती अंतरावर? उत्तर ३५ मीटर. शहरांत याखेरीज आणखी एक उपाय योजतात. नळ रिकामा करून त्यात ५ टक्के हायड्रोजन व ९५ टक्के नायट्रोजन यांचे मिश्रण भरतात. या प्रमाणात ते पेट घेत नाही. हायड्रोजनचे रेणू सर्वांत लहान असल्यामुळे ते माती व कोबा यांतून वर येतात आणि यंत्राला सापडतात. उष्णता टिपणारे कॅमेरेही निघाले आहेत, पण त्यांचा खरा उपयोग गरम पाण्याच्या नळांना. ते आपल्याकडे फरशीखाली क्वचितच असतात.

जागा सापडली की दुरुस्तीचे दोन मार्ग असतात. पहिला, तेथेच फरशी काढून, खणून, खराब तुकडा कापून नवा बसविणे. लोखंडी नळ असेल तर युनियन घालून, प्लॅस्टिकचा असेल तर टोके कोरडी पुसून कपलिंगने जोडून. रबर गुंडाळून वर आवळलेला पट्टा ही केवळ तात्पुरती मलमपट्टी होय. ती मातीखाली पुरून ठेवू नये. दुसरा मार्ग म्हणजे जोत्याखालचा तो नळ दोन्ही टोकांना बंद करून कायमचा सोडून देणे, आणि नवा नळ भिंतीवरून, जोत्याच्या वरून, उघडा नेणे. प्रस्तुत लेखकाचे मत स्पष्टपणे दुसऱ्या मार्गाकडे आहे. एका ठिकाणी गंजलेला नळ पुढील वर्षी दुसऱ्या ठिकाणी गंजणार, हे उघड आहे. भिंतीवरील नळ दृष्टीला खुपतो, अशी तक्रार ऐकू येते. पण मांडूच्या सुलतानाने पाण्याची पन्हाळ मिरविली, तर आपण नळाची लाज का बाळगावी? सांडपाण्याच्या नळाला मात्र उतार लागत असल्यामुळे तो उचलून भिंतीवर नेता येत नाही. तो बहुधा खणूनच बदलावा लागतो. मोठ्या शहरांत जुन्या गटारनळाच्या आत राळेने भिजविलेले कापडी अस्तर सोडून ते तेथेच कठीण करतात. ही युक्ती प्रथम १९७१ साली लंडनमध्ये वापरली गेली.

खणलेला खड्डा बुजविताना निघालेली काळी माती परत आत टाकणे ही सर्रास होणारी चूक आहे. वाळूही घालू नये. फुगणाऱ्या मातीच्या मधोमध वाळूचा पट्टा म्हणजे पाण्यासाठी बांधून दिलेला कालवाच. चांगला, किंचित चिकट मुरूम थराथराने ओलावून व ठोकून भरावा. आय.आय.टी. मुंबईचे प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर दीर्घकाळ संशोधन करून असे दाखविले की चिकटपणा असलेल्या परंतु न फुगणाऱ्या मातीचा सुमारे एक मीटर जाडीचा थर वर घातला, तर खालच्या काळ्या मातीचे फुगणे आवरले जाते. कालव्यांच्या अस्तराखाली त्यांची ही पद्धत वापरली गेली. नळ जेथे पायाच्या भिंतीतून जातो, तेथे त्याहून मोठ्या व्यासाच्या नळाचा तुकडा भिंतीत बसवून त्याच्या पोकळीतून आपला नळ सैल न्यावा, म्हणजे भिंत हलली तरी नळ मोडत नाही. घराभोवती हात-दीड हात रुंदीचा, बाहेर उतार असलेला फरसबंदी पट्टा करावा, म्हणजे पागोळ्यांचे पाणी पायाशी मुरत नाही.

ज्यांना अजून घर बांधावयाचे आहे, त्यांच्यासाठी रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही दशकांत एक निराळाच पाया विकसित केला. जमिनीत खोल भोक पाडून, तळाशी ते खांबाच्या अडीच पट रुंद करून, त्यात सळया व काँक्रीट भरतात. काळ्या मातीतील ओल साधारण साडेतीन मीटरपर्यंतच ऋतूप्रमाणे बदलते. हे खांब तेथवर, न बदलणाऱ्या मातीत, पाय रोवून उभे राहतात. जुने गवंडी पक्का मुरूम लागेपर्यंत पाया खणण्याचा आग्रह धरीत, त्यामागे हाच विचार होता.

शेवटी दुरुस्तीनंतरच्या काळाविषयी. गळती थांबली की घर त्याच आठवड्यात जागेवर येईल, अशी अपेक्षा करू नये. फुगलेली माती सुकावयास महिने लागतात, आणि ती सर्वत्र सारख्या वेगाने सुकत नाही. उचललेली फरशी हळूहळू खाली बसते, अडकणारे दार पुन्हा लागू लागते, काही तडे मिटतात, तर एखादा नवाच उघडतो. म्हणून तड्यांवर गिलावा करण्याची घाई नको. पेन्सिलीच्या खुणा तशाच ठेवून एक पावसाळा व त्यामागचा एक उन्हाळा जाऊ द्यावा. त्या अवधीत वहीतील आकडे स्थिर झाले, तर गवंड्याला बोलवावे. ते बदलतच राहिले, तर पुन्हा एका रात्री टाकीत काठी उभी धरावी.